अहवालात नसलेला एप्रिल

सहाव्या मिनिटाला दिवा मंदावला.

विद्यार्थिनी पेलाजी तापसोबाने जागेवरच चालू ठेवलेल्या स्कूटरच्या सायलेन्सरकडे पाहिलं. त्यावर तळहाताएवढी एक पाटी पट्ट्यांनी आवळून बसवली होती. पाटीच्या आतल्या बाजूला इंजिनाचा ताप, बाहेरच्या बाजूला ॲल्युमिनियमची पाती आणि हवा. दोन्ही बाजूंच्या तापात जितका फरक, तितकी वीज. त्या विजेवर दिवा पंधरा मिनिटं जळला तर पदवी. विझला तर पुन्हा एक वर्ष, आणि शिष्यवृत्ती याच महिन्यात संपत होती.

वागाडुगू शहरातल्या तंत्रशिक्षण संस्थेच्या आवारात, कडुनिंबाच्या सावलीत, एप्रिलचे त्रेचाळीस अंश होते. टेबलामागे दोन परीक्षक बसले होते: कोट घातलेले प्राध्यापक तोए आणि हातात घड्याळ धरलेल्या मादाम सोमे. मागच्या बाकांवर रिवाजाप्रमाणे नातेवाईक, निकालानंतरच्या जेवणाची पातेली मांडीवर घेऊन. सगळ्यांत पुढे पेलाजीची आई, पोको. स्कूटर तिचीच. तिच्यावरून ती रोज आलं घातलेलं बाजरीचं सरबत विकत फिरे.

"वीज करायला स्कूटरला कॉइल असतेच," तोए म्हणाले. "मग ही पाटी कशाला?"

"कॉइल इंजिनाला कामाला लावते, सर. म्हणजे पेट्रोल खाते. हा ताप तसाही वाया जातोय."

"दिवाही जातोय."

पेलाजीने पात्यांना बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. डिसेंबरात याच पात्यांवर बोट ठेवून तिने शंभरपर्यंत आकडे मोजले होते. आता बाहेरची बाजूही आतल्याइतकी तापत चालली होती. फरकच उरत नव्हता.

"ए सामो!" पोकोने बाकावरून हाक मारली.

बाकांवरच्या माना वळल्या. मग मागे कुणीतरी खुदकन हसलं. तोए हे आडनाव सामो जमातीचं, आणि पोको मोसी जमातीची. मोसीने सामोला हिणवायचं, सामोने परतफेड करायची, आणि रागवायचं कुणीच नाही. प्राध्यापक असले तरी या रिवाजातून सुटका नव्हती.

"बाई, परीक्षा चालू आहे."

"दिसतंय की. कोटात शिजतोयस, म्हणून विचारलं. पुढ्यात कुत्र्याचं मुंडकं वाढलं असतं, तर तुम्हा कुत्रंखाऊ सामोंना उकाडा कळला नसता. हँडलला माझी पाण्याची बाटली टांगलीय बघ. घे दोन घोट. एवढ्या उन्हातही गार आहे."

"आमच्या घरी पाणी भरायला मोसीच असायचे," तोए म्हणाले. "बाटली त्यांनी आणून द्यायची असते."

"देते आणून. आधी पोरीवर डोळे वटारणं बंद कर."

"बसा खाली. आणखी एक शब्द बोललात तर आवाराबाहेर बसावं लागेल." हे ते हसत म्हणाले, पण म्हणाले.

सगळे हसत होते. पेलाजी हसत नव्हती. ती बाटलीकडे पाहत होती. बाटलीभोवती ओलं गोणपाट शिवलेलं होतं. रोज सकाळी ते भिजवायचं काम तिचंच. आजही तिनेच भिजवलं होतं.

"सात मिनिटं," मादाम सोमे म्हणाल्या.

पेलाजीने बाटली उतरवली, दाताने टाका तोडला, गोणपाटावर पाणी ओतलं आणि ते पात्यांभोवती गुंडाळलं. चर्र झालं. वाफ वर आली. दिवा आणखी थोडा मंदावला, रेंगाळला, आणि मग हळूहळू चढत पूर्ण उजळला.

मादाम सोमेंनी अहवालाची पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"यात गोणपाट कुठे आहे?"

"नाही, मादाम. यात एप्रिलही नाही. सगळ्या चाचण्या मी डिसेंबरात घेतल्या. चूक माझी आहे."

तोएंचं पेन थांबलं. "हे किती वेळ चालेल?"

"कापड ओलं आहे तोवर."

दर मिनिटाला ती थोडं थोडं पाणी ओतत राहिली. अकराव्या मिनिटाला बाटली संपली. बाराव्याला वाफ थांबली. गोणपाटाच्या कडा कडक झाल्या आणि जळका वास येऊ लागला. नळ आवाराच्या दुसऱ्या टोकाला होता. उमेदवाराने उपकरण सोडून जायचं नाही आणि दुसऱ्या कुणी उपकरणाला हात लावायचा नाही, हे दोन्ही नियम सकाळी तोएंनीच वाचून दाखवले होते. पोको अर्धवट उठली, तिने तोएंकडे पाहिलं आणि ती पुन्हा बसली.

"तेरा," मादाम सोमे म्हणाल्या. दिव्यातली तार तेवढी लाल दिसत होती.

तोए उठले. टेबलावरचा आपला पाण्याचा पेला त्यांनी उचलला. तो काठोकाठ भरलेला होता, त्यामुळे ते सावकाश चालत स्कूटरपाशी आले. उपकरणाला त्यांनी हात लावला नाही. पेला पेलाजीपुढे धरला.

"नियमात हे..." मादाम सोमेंनी सुरुवात केली.

"घड्याळ चालू ठेवा."

पेलाजीने पेला घेतला आणि पाणी बारीक धारेने गोणपाटावर सोडलं. चर्र झालं. वाफ तोएंच्या कोटापर्यंत चढली. तार लालची पिवळी झाली, पिवळीची पांढरी.

मागे बाकावर पोकोने घसा खाकरला.

"एक शब्द बोलू नकोस, मोसी," मागे वळून न पाहता तोए म्हणाले, आणि रिकामा पेला घेऊन नळाकडे निघाले.