साहेबांचा चहा

“मशीन बघितलंत, आता ओसरीवर बसून चहा घ्या, साहेब,” हौसाक्का म्हणाली. बँकेचे साहेब बाहेर टेकले, तोवर बायकांनी मागच्या दारानं मशीन शेजारी पोचवलं.

बँकेनं पाचजणींना चपला शिवायला एकेका मशीनचं कर्ज दिलं होतं. पण छोट्या मशीनची सुई चामड्यात शिरत नाही, म्हणून पाचजणींनी मिळून एकच दणकट मशीन घेतलं. हे कळलं असतं तर बँकेनं कर्ज परत मागितलं असतं.

शेजारच्या घरी सही करताना साहेब खिसे चाचपू लागले. “चष्मा हौसाक्कांकडेच राहिला वाटतं.”

तेवढ्यात तो त्यांना समोरच्या मशीनवर दिसला. बायकांनी माना खाली घातल्या.

साहेबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि सही केली.

“उरलेल्या तीन घरांआधी इथं दोन कप चहा घेतो,” ते म्हणाले. “मशीन जड दिसतंय.”