माघातला पावसाळा

लडकूने राजदूत मोटारसायकल पडवीत घेतली आणि तिच्याखाली विटा सरकवायला लागला, तेव्हा त्याची बायको राही उंबऱ्यात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिचा हात थांबला.

विटा निघायच्या त्या मृगाच्या तोंडावर. पाऊस लागला की ओहोळ फुगायचा, टोकावड्याची वाट चिखलात जायची आणि गाडी पडवीत विटांवर चढायची ती थेट दसऱ्यापर्यंत. पण हा तर माघ. ओहोळात घोटाभर पाणी नाही, वाट खडखडीत वाळलेली. आणि नवरा सांगत होता, आसनगावला मित्राचं लग्न आहे, चार दिवसांत येतो.

"चार दिसांसाठी विटा कशाला?"

"टायर बसतात, गो," लडकू मान वर न करता म्हणाला.

चार दिवसांत टायर बसत नाहीत, हे राहीला पक्कं ठाऊक होतं. आठ वर्षं दर मृगाला कॅन धरून तीच उभी असायची. लडकूला खोटं बोलता येत नाही हेही तिला ठाऊक होतं. त्याला तेवढं ठाऊक नव्हतं.

ती शेंगा सोलत राहिली आणि बघत राहिली.

त्याने टाकीची नळी काढून पेट्रोल कॅनमध्ये सोडलं. मग किक मारली. आत उरलंसुरलं होतं तेवढ्यावर इंजिन धडधडलं, खोकलं आणि आपोआप बंद पडलं. बॅटरी काढून त्याने फळीवर ठेवली. सायलेन्सरात उंदरांनी घर करू नये म्हणून चिंधीचा बोळा कोंबला.

राहीच्या डोक्यात एकेक शंका येऊन गेली. बाई? छे. बाईच्या भानगडीत पडलेला माणूस गाडी घेऊन जातो, ठेवून नाही. तो चालवायचा त्या डंपरखाली कुणी आलं असेल आणि हा लपायला निघाला असेल? पण कालच मालक येऊन चहा पिऊन गेला होता, चांगला हसतखेळत. मग तिची नजर दारामागच्या पिशवीवर गेली. सकाळीच तिने ती चाचपून पाहिली होती. आत दोन खाकी पँटी होत्या. चांगला शर्ट खुंटीला तसाच होता. लग्नाला खाकी पँट घालून कोण जातं?

"लग्न कुनाचं म्हनालाव?"

"तुला नाय माहीत तो."

"आनि पोरगी कुठली?"

लडकूने पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला. "मुरबाडची," तो म्हणाला.

मग त्याने प्लग काढला.

राहीने सूप बाजूला केलं. प्लग तो कधीच काढत नसे. ही गाडी त्यांनी घेतली ती वर्षभर कुणाच्या तरी गोठ्यात पडून राहिलेली, इंजिन जाम झालेलं. तेव्हा टोकावड्याचा मेकॅनिक तिच्यासमोरच लडकूला म्हणाला होता की चार महिने ठेवलीत तर काही करू नका, पण वर्ष काढायचं असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडा. दर वर्षाला एक चमचा. खरं-खोटं देव जाणे, पण लडकूने ते वेदवाक्य धरलं होतं.

लडकूने डब्यातून चमचा भरून भोकात ओतला. मग दुसरा भरला. तोही ओतला. आणि डब्याला झाकण लावलं.

"दोन पावसाळे?" राहीने विचारलं.

तो दचकला. "कुनी सांगितलं तुला?"

"तुमीच. आत्ता."

मग काही लपवण्यात अर्थ उरला नाही. लडकू जमिनीकडे बघत बोलायला लागला. कुवेतला ट्रक चालवायचं काम, दोन वर्षांचा करार. परवाचं विमान. आसनगावच्या मित्राकडे मोठी बॅग आधीच नेऊन ठेवली होती. एजंटाने सांगितलं होतं, विमानात बसेपर्यंत कुनाला बोलायचं नाय, लई जनांचं ऐन टायमाला फिसकटलंय.

"मी कुनी हाय?"

"तसं नाय गो. तिकडं पोचल्यावर टोकावड्याच्या एसटीडीवर फोन करनार होतो."

"म्हनजे तो एसटीडीवाला येऊन मला सांगनार, तुजा नवरा कुवेतला गेला म्हनून."

"तुला आधी सांगितलं असतं," लडकू म्हणाला, "तर माजं जानं झालं नसतं."

राहीला तो चालला याचा राग आलाच नव्हता. गावातून माणसं कामाला जातातच. राग याचा होता की घरात ही गोष्ट पहिल्यांदा गाडीला कळली. गाडीची सगळी काळजी त्याने घेतली होती, चिंधीच्या बोळ्यापर्यंत. आणि बायकोला चार दिवस सांगून मोकळा झाला होता. ती हे सगळं बोलली असती. पण तो समोर इतका बापुडवाणा उभा होता की तिला बोलवेना.

ती उठली. त्याच्या हातातून डबा घेतला, झाकण काढलं.

"एजंट दोन म्हनाला ना?"

"हो."

"मंग मी तीन धरते."

तिने चमचा काठोकाठ भरला आणि एक थेंब न सांडता भोकात ओतला. "मारा आता किक," ती म्हणाली. "सावकाश. आत सगळीकडं लागू दे."

लडकूने किकवर पाय ठेवला. पण ती काही त्याच्याने दाबवेना.