कासवाची पाठ

थावराने घमेल्यातून कासव उचलून तळहातावर घेतले आणि अंगठ्याने त्याच्या पाठीवर हलकेच दाब दिला. पाठ दबली.

तांड्यावरच्या त्या एकखोली शाळेतली सगळी मुले त्याच्या अंगठ्याकडे पाहत होती. बाहेर ऊसतोडीचा ट्रक उभा होता. धाकट्या लेकराला फडावर सांभाळायला कुणीतरी हवे, म्हणून थावरा आपल्या पुजाला न्यायला आला होता.

कासव शाळेच्या शिक्षिका सरोजिनीबाईंनी जूनमध्ये हैदराबादच्या दुकानातून आणले होते. परदेशी, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले. निदान त्याच्यासाठी तरी मुले शाळेत येतील, एवढीच त्यांची आशा. मुले आली. चौथीतली पुजा तर एक दिवसही चुकली नाही. मांजराच्या भीतीने बाई घमेले कपाटामागे ठेवत. पुजा त्यात भाकरीचा चुरा टाकी. पाठ मऊ पडू लागली तेव्हा तिने घरून हळद आणली, तेलात कालवून रोज लेप दिला. बैलाच्या सोललेल्या खांद्यालाही तांड्यावर तेच लावतात. आता तिच्या बोटांना आणि कासवाच्या पाठीला एकच रंग होता.

यंदा ती फडावर जायला तयार नव्हती. कासवाला कोण पाहील, असे तिने बापाला विचारले होते.

दर वर्षी कुणा ना कुणा बापाकडे मागत आलेली गोष्ट बाईंनी पुन्हा मागितली. पोरीला ठेवा. हिंगोलीत माझ्या घरी राहील, मी सांभाळीन. शब्द झिजले होते. त्यांनाही ते ऐकू आले.

थावराने नखाने थोडी हळद खरवडली. कासवाने डोळे उघडले नाहीत.

"ऊन न्हाई लागलं याला, बाई." त्याच्या आवाजात राग नव्हता. "कुठलं जनावर, कुठं आणलं. यालाबी तुमीच सांभाळून राहिल्या न्हाई का?"

बाई म्हणाल्या, "आणि फडावर? तिथं तिला काय मिळणार आहे?"

"ऊन," तो म्हणाला, आणि त्याचे त्यालाच ते ऐकवेनासे होऊन त्याने मान खाली घातली.

पुजा उठली. बापाच्या हातातून कासव घेऊन तिने घमेल्यात ठेवले आणि घमेले ओढत अंगणात नेले. फ्रॉकच्या टोकाने त्याच्या पाठीवरची हळद पुसली. बाई तिच्या मागोमाग दारापर्यंत आल्या.

"पुजा, तू राहतेस ना?"

दिवस कलल्यावर शाळेची सावली कुठवर येते, ते तिला ठाऊक होते. तिथून एक हात पलीकडे तिने घमेले सरकवले, आणि मागे न पाहता ट्रककडे चालू लागली.