अध्यक्षांचं संत्रं

"चोरटे! काल या झाडाचं संत्रं तोडून खाल्लंस ना? चालती हो बागेतून!" उद्यान समितीचे अध्यक्ष ठवकर काका अख्ख्या कॉलनीसमोर चैतालीवर खेकसले. त्यांनी लावलेल्या झाडाच्या पहिल्या फळांचा आज केवढा सोहळा होता!

चैताली जागची हलली नाही. काल एकाच फोडीने तिचे दात आंबले होते. संत्र्याचं कलम केव्हाच मेलं होतं. फळं धरली होती ती कलम ज्यावर बांधलं होतं त्या खालच्या जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटाला, आंबटढाण! काकांच्या हे गावीही नव्हतं.

काकांनी ऐटीत फोड तोंडात टाकली. एक डोळा मिटला, मान थरथरली. "साखर आहे, साखर!" लगेच मंडळींनीही फोडी चघळल्या आणि वाकड्या तोंडांनी माना डोलावल्या.

चैतालीने दुसरं फळ सोलून पुढे केलं. "मग हेही संपवा ना, काका. उरलं तर मी चोरेन."