रात्रीची हजेरी

"मशीन चालू है, फिर भी सांस रुक रही है," डॉक्टर चेतना भाटिया म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा समोरच्या तिघांकडे वळवला. "और ये खर्राटों वाली रुकावट नहीं है, अंकल. दिमाग सांस लेने का इशारा ही नहीं भेज रहा."

तिघं म्हणजे श्रीरंग, त्यांची बायको हेमलता आणि मुलगा आशय. श्रीरंगांना नोएडाच्या या क्लिनिकमध्ये आणायचं म्हणून आशयनं ऑफिसात हाफ डे टाकला होता. श्रीरंगांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार. मास्कमधून रात्रभर हवा देणारं मशीन थंडी सुरू होताना घरी आलं, आणि रात्रीचा सगळा अहवाल सकाळी आशयच्या फोनवर उमटू लागला.

"पर ॲप पे तो रोज ग्रीन आता है," आशय म्हणाला. "एक रात मिस नहीं करते." मग वडिलांकडे वळला. "हो ना, बाबा?"

"हो," श्रीरंग म्हणाले.

खरं काय ते खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. मास्क चढवला की श्रीरंगांचा जीव घुसमटायचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो काढून फेकला. सकाळी आशयचा फोन आला, बाबा, लाल का दिसतंय, असं नाही चालणार. त्या रात्री हेमलतानं मास्क उचलला आणि स्वतःच्या नाकावर बसवला. "तुम्ही झोपा," ती म्हणाली. "हजेरी मी लावते." श्रीरंगांची सगळी नोकरी दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत गेली होती. माणूस जागेवर असो वा नसो, हजेरी लागली की निभावतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते हसले आणि कूस बदलून झोपले. मग रोज तेच सुरू झालं.

म्हणजे पडद्यावर थांबत होता तो श्वास हेमलताचा होता.

हे कळल्यावर आपण घाबरू, असं श्रीरंगांना वाटलं. पण तसं काही झालं नाही. नुसता डॉक्टरांचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा येऊ लागला.

साध्या मशीनचं हे काम नाही, डॉक्टर सांगत होत्या. प्रत्येक श्वासावर लक्ष ठेवणारं आणि तो थांबला की स्वतः श्वास देणारं मशीन असतं, ते बघू. पण त्याआधी हृदय तपासायचं. हृदय दुबळं असेल तर तेच मशीन घातक ठरतं.

"पैर सूजते हैं, अंकल? सीढ़ी पे दम फूलता है?"

"नहीं," श्रीरंग म्हणाले. हे मात्र खरं होतं. हेमलतानं पावलं खुर्चीखाली ओढून घेतली. सँडलचे पट्टे ती हल्ली लावतच नसे. जिन्यात मधेच थांबायची आणि विचारलं तर गुडघ्यावर ढकलायची.

तंत्रज्ञ हरिदास नवं मशीन ट्रॉलीवर घेऊन आले. आतापुरतं मास्कचं माप घेऊन ठेवू, म्हणाले, आणि श्रीरंगांसमोर स्टूल ओढून बसले.

"टेन्शन नका घेऊ, बाबा," आशय म्हणाला. "तुम्ही इतकं सिन्सिअरली केलंत, हे पण जमेल, बिल्कुल."

हेमलता श्रीरंगांकडे झुकली. "लावून घ्या हो," ती हळूच म्हणाली. "घरी गेल्यावर बघू."

घरी गेल्यावर काय बघणार? हृदय तपासलं जाईल ते श्रीरंगांचं. ते ठीकच निघेल. मग हे मशीन घरी येईल आणि रात्री पुन्हा हीच बाई, कुणी न तपासलेलं हृदय घेऊन, मास्क बांधून झोपेल. मुलासमोर नाक कापलं जाऊ नये, एवढ्यासाठी. श्रीरंगांना स्वतःची किळस आली. तीही लांबूनच आल्यासारखी.

त्यांनी हरिदासांचा हात बाजूला केला.

"इनका नाप लीजिए," ते म्हणाले. "मैंने लगाया ही नहीं. हर रात ये लगाके सोती थीं."

आशयनं आधी हातातल्या फोनकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई? रोज?"

"अरे, तू सकाळी खूश असायचास," हेमलता म्हणाली. "त्यात काय एवढं."

डॉक्टर रागावतील असं तिघांनाही वाटत होतं. त्या रागावल्या नाहीत. उठून आल्या, हेमलताला पावलं पुढे घ्यायला सांगितलं आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. हृदयाची तपासणी आजच, इथूनच थेट जायचं, त्या आशयला म्हणाल्या. श्रीरंगांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल, पण ते नंतर. आशय गाडी गेटपाशी आणायला निघून गेला. वडिलांकडे न बघता.

डॉक्टर हेमलताचं नाव आणि वय लिहून घेऊ लागल्या. श्रीरंगांच्या घोरण्याला कंटाळून हेमलता कधी दुसऱ्या खोलीत गेली नव्हती. घोरणं मधेच बंद पडलं की ती जागी व्हायची, कोपरानं ढोसायची आणि श्वास पुन्हा सुरू झाल्यावरच डोळे मिटायची. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं.

"आप तो साथ में सोते हैं," डॉक्टरांनी लिहिता लिहिता श्रीरंगांना विचारलं. "इनकी सांस रुकती थी, तब आप क्या करते थे?"

हेमलता त्यांच्या वतीनं काहीतरी सांगायला गेली. श्रीरंगांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"सोया रहता था," ते म्हणाले.