कडेची जागा

"मिशेलला कडेला उभी कर," बबनराव म्हणाले. "लिहून घे."

नीलेशनं वहीत लिहून घेतलं. लग्न बबनरावांच्या थोरल्या मुलाचं, अभिनवचं, तीन आठवड्यांवर आलेलं. मिशेल ही धाकट्या स्वप्नीलची मैत्रीण, डोंगरीची. त्यांचं ठरलंय म्हणावं तर ठरलेलं नाही, आणि तिला बोलवायचं नाही म्हणायचीही सोय नाही.

"कडेला का पण?" मनोरमाबाईंनी चहा ठेवत विचारलं.

"काकू, आम्हा फोटोग्राफर लोकांचा नियमच आहे," नीलेश म्हणाला. "पुढच्या वर्षी घरात असेल की नाही याची खात्री नसेल, त्याला कडेला उभं करायचं. उद्या बिनसलं तर तेवढी पट्टी कापली की झालं. मधला माणूस कापता येत नाही."

मनोरमाबाई आत गेल्या आणि एक जुनी तसबीर घेऊन आल्या. त्यांच्याच लग्नातली. दीर-जाऊ वेगळे झाले तेव्हा सासूबाईंनी जावेला कात्रीनं कापून काढलं होतं. हात मात्र राहून गेला. मनोरमाबाईंच्या खांद्यावर चार बोटं, एक बांगडी, आणि बाई गायब.

"एकतीस वर्षं बघतेय हे," त्या म्हणाल्या. "माझ्या अभिनवच्या घरात असला फोटो नको. सगळ्या घराची एकच मोठी फ्रेम लागणार आहे तिकडे. ती नीट आली पाहिजे. बाकीचे कसेही येऊ देत."

"हिला फोटोतलं काय कळतंय," बबनराव म्हणाले. "मी सांगतोय तसं लिही."

दोन दिवसांनी मनोरमाबाई एकट्याच दुकानात आल्या. आधी स्वतःचे पासपोर्ट साइज फोटो काढून घेतले, आठ प्रती. "कागदपत्रांना लागतात," म्हणाल्या. मग पर्समधून घडी केलेला कागद काढला. मोठ्या फ्रेमसाठी कोण कुठे, ते त्यांनी स्वतः लिहून आणलं होतं.

नीलेशनं कागद वाचला. पुन्हा वाचला. मिशेल मध्ये, नवरानवरीच्या मागे. डाव्या टोकाला बबनराव, आणि त्यांच्याही पलीकडे, अगदी कडेला, मनोरमाबाई.

"काकू, तुम्ही वरमाई. तुम्ही अभिनवच्या शेजारी पाहिजे."

"गुडघा दुखतो रे. कडेला असलं की पटकन बसता येतं."

"आणि काका नि तुमच्यात वीतभर जागा लिहिलीय, ती कशाला?"

"शालू चुरगळतो."

तो पार बुचकळ्यात पडला. बारा वर्षं लग्नं काढतोय, पण असा उलटा कागद कधी पाहिला नव्हता. त्यानं बबनरावांना फोन लावला.

"अरे, डोंगरीच्या फेऱ्या वाढल्यात हिच्या," बबनराव वैतागले. "त्या मिशेलनं नादी लावलंय. लाडकी झालीय ना, म्हणून तिला मध्ये. हिला उभी राहू दे कुठे राहायची ती. रोजची कटकट नको मला."

नीलेशच्या डोक्यात मात्र ते घोळत राहिलं. काकूंना काही आजारबिजार तर नाही? लग्नाच्या दिवशी तो त्यांच्यावरच नजर ठेवून होता. अक्षता पडल्या, जेवणं उरकली. मनोरमाबाई स्टेजच्या पायऱ्या एका दमात चढल्या. गुडघ्याचं नाव नाही. चेहरा तर असा खुललेला की नवरी सुरुचीनंही वळून पाहिलं.

सगळे कागदाप्रमाणे उभे राहिले. मिशेल मध्ये लाजून हसत होती. नीलेशनं कॅमेऱ्यातून पाहिलं, आणि ती वीतभर जागा त्याला खटकली. एकुलती एक फ्रेम, आणि त्यात नवराबायको असे तुटक. तो स्टेजवर गेला. स्पीकरवर सनई मोठ्यानं चालू होती. बबनराव पाठ वळवून कॅटरर्सवाल्याला ओरडत होते.

"काकू, थोडं आत या," तो त्यांच्या कानाशी म्हणाला. "काकांच्या खांद्यावर हात ठेवा. फोटो छान येईल."

मनोरमाबाईंनी पदर सारखा केला. दोन्ही हात स्वतःसमोर जुळवून धरले.

"डोंगरीला खोली घेतलीय मी, सोमवारी जातेय. यांना अजून ठाऊक नाही," त्या कॅमेऱ्याकडे बघत हळूच म्हणाल्या. "हात नको ठेवायला लावूस. कापल्यावर मागे राहतो."