प्रभाताईंची फुगडी

तिसऱ्याच फेऱ्याला प्रभाताईंचे हात सुटले.

लक्ष्मीबाई नगरच्या कम्युनिटी हॉलमध्ये मंगळागौरीच्या खेळांची तालीम चालू होती. कार्यक्रम महिन्यावर आलेला. प्रभाताई आणि हेमलता यांच्या फुगडीपुढे गेली अकरा वर्षं मंडळातली एकही जोडी टिकली नव्हती, आणि आज ती फुगडी धड सुरूही होईना. हेमलताने वेळेवर दंड धरला म्हणून बरं, नाहीतर प्रभाताई थेट खुर्च्यांच्या रांगेत जाऊन पडल्या असत्या.

"हात घामाने ओले, वर थरथरताहेत," हेमलता म्हणाली. तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होती ती. तिची बोटं मैत्रिणीच्या मनगटावर केव्हाच जाऊन बसली होती. "नाडी बघ कशी पळतेय! काय घेतेयस तू?"

"काही नाही गं, उकाडा आहे."

"उकाडा मलाही आहे. पर्स उघड."

पर्समधून हिरव्या झाकणाची बाटली निघाली. समुद्री शेवाळाच्या गोळ्या, वजन उतरवणाऱ्या. गेल्या वर्षीच्या फुगडीचा व्हिडिओ मंडळाने टाकला होता आणि खाली कुणा टवाळाने लिहिलं होतं, 'आंटीजी, धीरे! भूकंप आ जाएगा.' सगळ्यांबरोबर प्रभाताईही हसल्या होत्या. पण ते लागलं होतं, चांगलंच लागलं होतं. यंदा सडपातळ होऊनच स्टेजवर उभं राहायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. आज सकाळी तर खणाचं नवं ब्लाउज दोन इंच आत घ्यायला सरोजिनी नगरच्या शिंप्याकडे टाकूनही आल्या होत्या.

"किती उतरलं?" हेमलताने विचारलं.

"दीड महिन्यात दीड किलो."

"आणि धडधड?"

प्रभाताईंनी मान खाली घातली. "रोजची. झोपही उडालीय."

"अगं बाई, शेवाळात आयोडीन ठासून भरलेलं असतं. त्याने थायरॉइड बिथरतं. या गोळ्या आजपासून बंद. उद्या सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं, रक्त तपासायचं. आणि आत्ता गुपचूप बसून राहायचं."

प्रभाताई भिंतीशी खुर्चीवर बसल्या. एवढ्यात मंडळाची सेक्रेटरी अक्षता यादी घेऊन आली. "प्रभाताई, यंदा तुम्ही बिल्कुल आराम करा. हेमलताताईंबरोबर निधीला घेऊ. व्हिडिओतही छान दिसेल ती."

ज्या व्हिडिओपायी गोळ्या गिळल्या, त्याच व्हिडिओपायी आता फुगडी हातची जात होती.

निधी आली. चोविशीची, रोज जिमला जाणारी, चवळीच्या शेंगेसारखी. तिने ओढणी कमरेला खोचली, हातांची अढी घातली, पायाला पाय भिडवला. हेमलता सवयीने मागे झुकली मात्र, निधी पुढे खेचली जाऊन सरळ तिच्या पोटावर आदळली. हॉलभर हशा पिकला. दुसऱ्यांदा हेमलता जपून, अर्धीच झुकली, तर दोघी नुसत्याच एकमेकींभोवती चालल्या. तिसऱ्यांदा निधीची चप्पल एका दिशेला गेली आणि निधी दुसऱ्या.

"काकू, तुम्ही तर मला उडवूनच देताय यार!"

प्रभाताई बघत राहिल्या. अकरा वर्षांत ही फुगडी बाहेरून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. हेमलता इतकी मागे जायची की तिची वेणी जमिनीला टेकेल असं वाटायचं. लोक टाळ्या वाजवायचे. ती पडायची नाही, कारण समोर प्रभा होती. आपली, सगळीच्या सगळी प्रभा. त्यांचा ऊर भरून आला. लाजबिज कुठल्या कुठे गेली.

हेमलता धापा टाकत शेजारी येऊन बसली. घाम पुसत म्हणाली, "बघितलंस ना? तूच हलकी झालीस तर मी कुणाच्या भरवशावर मागे झुकू?"

प्रभाताई उठल्या, बाटली कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि अक्षतासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अक्षता, हेमलताच्या पुढे माझंच नाव लिही. डॉक्टरांनी हो म्हटलं की मीच उतरणार. आणि आमची फुगडी सगळ्यात शेवटी ठेव."

"शेवटी का?"

"भूकंप आधी झाला तर बाकीच्यांनी खेळायचं कुठे?"

मग त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, शिंप्याला फोन लावला.

"मास्टरजी, सुबह जो ब्लाउज दिया था, उसको अंदर मत लेना. मुझे फुगडी खेलनी है, हाथ खुला चाहिए."

पलीकडून मास्टरजींनी काहीतरी विचारलं. प्रभाताईंनी एकदा हेमलताकडे पाहिलं, पदर खोचला आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सिलाई के अंदर जितना कपड़ा दबा है ना, सब खोल दो."